नवा गाभा, जुने यंत्र

संगणक चालेनासा झाला म्हणून जाणकार माणसाला बोलावले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काल काय बदललेत?" आपले उत्तरही ठरलेलेच असते, "काहीच नाही." थोडे खोदून विचारले की मग हळूच बाहेर येते, नवी आवृत्ती चढवली होती. यंत्र तेच, तारा त्याच, वीजही तीच. बदलला तो फक्त आज्ञांचा एक संच. मग काल दिसणारी हार्ड डिस्क आज का दिसत नाही? कीबोर्ड मुका का होतो? या प्रश्नाला तीसेक वर्षांचा इतिहास आहे आणि तो शिक्षकांनी वाचावा असे आम्हाला वाटते. दोष शोधायचा कसा हे माणसे त्यातून टप्प्याटप्प्याने शिकत गेली आहेत.

संगणकाच्या कार्यप्रणालीच्या मध्यभागी जो भाग असतो त्याला कर्नल म्हणतात. आपण त्याला गाभा म्हणू. स्मृतीची वाटणी, कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा, डिस्क, पडदा, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड यांच्याशी बोलायचे कसे, हे सारे हा गाभा पाहतो. प्रत्येक उपकरणाशी बोलण्यासाठी त्याच्याकडे एक दुभाषा असतो, त्याला चालक म्हणतात. आपण येथे लिनक्स या प्रणालीचा गाभा उदाहरणाला घेऊ, कारण तो उघड्यावर वाढला. त्यात कोणी काय बदलले, कोठे चुकले आणि कसे सापडले, हे सारे नोंदलेले आहे.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनुस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने या गाभ्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे दहा हजार ओळी होत्या आणि ती जवळजवळ त्याच्या एकट्याच्या यंत्रासाठी बेतलेली होती. कीबोर्ड फिनिश, डिस्कची मापे थेट लिहून ठेवलेली. दुसऱ्या कोणाला ती चालवायची तर आधी ही मापे बदलावी लागत. त्या दिवसांतला एक अपघात टोरवाल्ड्सने स्वतःच सांगितला आहे. मोडेमला दूरध्वनी क्रमांक फिरवण्याची आज्ञा द्यायची होती, ती चुकून हार्ड डिस्कला दिली गेली आणि डिस्कवरचा मिनिक्स या दुसऱ्या प्रणालीचा भाग खराब झाला. मिनिक्स पुन्हा चढवण्याऐवजी त्याने स्वतःच्याच प्रणालीवर राहायचे ठरवले.

आता यंत्र सुरू होताना काय घडते ते पाहू. वीज आली की मुख्य पाटीवरच्या चिपमधली एक छोटी आज्ञावली जागी होते. गाभा डिस्कवर कोठे आहे हे तिला ठाऊक नसते. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत ती डिस्कचा फक्त पहिला कप्पा वाचते. हा कप्पा ५१२ बाइटचा. त्यातील ६४ बाइट डिस्कच्या वाटणीचा तक्ता आणि २ बाइट खूण म्हणून जातात, उरतात ४४६. एवढ्या जागेत ‘पुढचा भाग अमुक ठिकाणी आहे, तो उचल’ असे सांगणारा कार्यक्रम बसवावा लागतो. त्याने आणखी थोडा मोठा कार्यक्रम उचलायचा आणि त्या दुसऱ्याने गाभा उचलायचा.

नव्वदीच्या दशकात लिनक्सवर हे काम लिलो नावाचा कार्यक्रम करत असे. तो लिहिणाऱ्या वर्नर आल्मसबर्गर यांनी एक छान युक्ती योजली होती. लिलोच्या नावात चार रोमन अक्षरे आहेत: एल, आय, एल, ओ. सुरू होण्याचा एकेक टप्पा पार पडला की पडद्यावर एकेक अक्षर उमटे. काहीच उमटले नाही तर लिलोपर्यंत गाडी पोचलीच नाही. नुसता एल आणि पुढे आकडे, म्हणजे पहिला टप्पा सुरू झाला, पण दुसऱ्याला उचलू शकला नाही. एल-आय वर अडले तर दुसरा टप्पा उचलला गेला, पण चालू झाला नाही. तीन अक्षरे आली तर दुसरा टप्पा चालू झाला, पण गाभ्याचे पत्ते लिहिलेला तक्ता त्याला वाचता आला नाही. चारही आली की सगळे ठीक. बोलायला जेमतेम जागा असलेल्या कार्यक्रमाने आपण कोठे थांबलो ते सांगून ठेवायचे, ही कल्पना आम्हाला फार आवडते. गणिताच्या पेपरात पायऱ्या लिहा असे आपण मुलांना सांगतो ते याचसाठी.

पण याच लिलोने लोकांना छळलेही पुष्कळ. त्याला फाइलींची नावे वाचता येत नसत. गाभा डिस्कवरच्या कोणकोणत्या कप्प्यांत आहे ते पत्ते तो आधीच टिपून ठेवी. आपण नवा गाभा जुन्याच नावाने त्याच जागी ठेवला आणि लिलोला पुन्हा टिपण करायला सांगायचे विसरलो, तर तो जुन्या पत्त्यावर जाई. तेथे जे सापडेल ते उचलायचा प्रयत्न करी. घर बदलले, पण पोस्टमनला सांगितले नाही, तसला प्रकार. शिवाय त्या काळच्या यंत्रांची जुनी पद्धत डिस्कवरची १०२४ पर्यंतचीच वर्तुळे मोजू शके. डिस्का मोठ्या झाल्या आणि नवा गाभा नेमका त्या मर्यादेपलीकडे जाऊन पडला की काल चालणारे यंत्र आज अडे. आज्ञावलीत चूक नाही, यंत्रात बिघाड नाही, तरी काम ठप्प. या सगळ्यावरून एक रीत रुळली: नवा गाभा चढवताना जुना पुसायचा नाही. दोन्ही ठेवायचे आणि सुरुवातीला निवड विचारायची. साधीच वाटते, पण दोषशोधनाचा अर्धा भाग तिच्यात आहे. जुन्या गाभ्याने यंत्र चालले तर यंत्र शाबूत आहे, दोष बदलात आहे.

गाभा सापडला तरी पुढे एक पेच राहतोच. वेगवेगळ्या डिस्कांचे चालक गाभ्यात कोंबले तर तो अवाढव्य होतो, म्हणून ते डिस्कवर वेगळे ठेवतात आणि लागेल तो उचलतात. पण डिस्कच वाचायला चालक हवा आणि चालक तर डिस्कवर! पेटीची किल्ली पेटीतच राहिली म्हणायची. यावर तोडगा म्हणून नव्वदीच्या दशकाच्या मध्यात गाभ्याबरोबरच स्मृतीत उचलायची एक छोटी तात्पुरती डिस्क आली. तिच्यात गरजेपुरते चालक असतात. प्रत्येक नव्या गाभ्याबरोबर ही शिदोरीही नव्याने बांधावी लागते. ती बांधली नाही किंवा तीत नेमका हवा तो चालक नसला, तर मूळ डिस्क जोडता येत नाही असा संदेश देऊन गाभा जागीच थांबतो. गाभा बदलल्यावर आजही जी यंत्रे अडतात त्यांत हा प्रकार नेहमी भेटतो.

डिसेंबर २००३ मध्ये गाभ्याची २.६ ही आवृत्ती आली. २.४ वरून तिच्यावर जाणाऱ्या अनेकांना एक चमत्कारिक अनुभव आला. गाभा उलगडला, आता सुरू होत आहे, एवढे शब्द पडद्यावर येत आणि पुढे काळोख. लोक समजत, यंत्र मेले. खरे तर ते व्यवस्थित चालू असे. नव्या आवृत्तीत पडदा आणि कीबोर्ड यांसाठीचे पर्याय वेगळ्या नावांनी, वेगळ्या जागी गेले होते. जुनी यादी तशीच वापरली की ते पर्याय गळून पडत. यंत्र मेले नव्हते, मुके झाले होते. डिस्कचा दिवा लुकलुकतो का, शेजारच्या यंत्रावरून नेटवर्कने हाक मारली तर ओ देते का, एवढे पाहिले तरी फरक कळे. दिसत नाही म्हणजे घडत नाही असे नसते, हे प्रयोगशाळेत आपण किती वेळा सांगतो!

२००६-०७ च्या सुमारास साध्या डिस्कांसाठी नवे चालक वापरात आले आणि ज्या डिस्का एचडीए नावाने ओळखल्या जात त्या एसडीए झाल्या. ज्या यंत्रांच्या याद्यांत जुनी नावे होती ती गाभा बदलताच आपल्याच डिस्कला ओळखेनाशी झाली. मग प्रत्येक विभागाला त्याच्या स्वतःच्या लांबलचक खुणेने ओळखायची पद्धत रूढ झाली. बाकावरच्या जागेवरून नव्हे, हजेरी क्रमांकावरून मूल ओळखावे तसे.

आता दोष शोधण्याच्या पद्धतीकडे येऊ. २००५ च्या एप्रिलमध्ये टोरवाल्ड्सने गाभ्यातील बदलांची नोंद ठेवण्यासाठी गिट हे साधन लिहिले आणि त्याच वर्षी त्यात दुभाजनाची सोय आली. समजा जुनी आवृत्ती चालते, नवी चालत नाही आणि मध्ये दहा हजार बदल आहेत. ते एकेक करून तपासणे अशक्य. पण बरोबर मधल्या बदलापर्यंतचा गाभा बनवून पाहिला, तर तो चालतो की नाही यावरून निम्मे बदल संशयातून सुटतात. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. दोनाचा चौदावा घात १६३८४ होतो, म्हणून चौदा चाचण्यांत गुन्हेगार हाती लागतो. एक ते हजारमधली मनात धरलेली संख्या दहा प्रश्नांत ओळखण्याचा खेळ आपण वर्गात खेळतो, तोच हा. यातली मोठी गोष्ट अशी की गाभ्याच्या आत काय चालते ते न समजणारा माणूसही, निव्वळ चिकाटीच्या बळावर, नेमका दोष दाखवू शकतो.

पण या पद्धतीमागे एक गृहीतक आहे: चाचणी घेतल्याने यंत्र बदलत नाही. २००८ साली ते खोटे ठरले.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू होती. काही वितरकांच्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांच्या तक्रारी आल्या की इंटेलचे नेटवर्क कार्ड अचानक नाहीसे झाले. लोकांनी शिरस्त्याप्रमाणे जुना गाभा लावून पाहिला. कार्ड तरीही दिसेना! या कार्डाला स्वतःची एक कायमस्वरूपी स्मृती असते. तिच्यात त्याचा पत्ता, मांडणीचे तपशील आणि शेवटी ताळा पाहण्यासाठी एक बेरीज लिहिलेली असते. ती स्मृतीच विद्रूप झाली होती. ताळा जमेना, म्हणून चालक कार्डाला हात लावेना. वीज बंद करून काही होणार नव्हते.

पहिला संशय साहजिकच त्या कार्डाच्या चालकावर गेला. ईहजारई नावाचा हा चालक तेव्हा बराच नवा होता. मग संशय पडद्यावरची चित्रे सांभाळणाऱ्या भागावर गेला. दुभाजन करावे तर प्रत्येक ‘बिघडले’ या उत्तराची किंमत एक कार्ड. शिवाय दोष दर वेळी प्रकट होई असेही नाही, म्हणजे ‘चालले’ या उत्तरावरही विश्वास ठेवता येईना. कार्डातील स्मृतीची नक्कल आधी काढून ठेवा असा सल्ला दिला जाऊ लागला. काही वितरकांनी आपल्या चाचणी आवृत्तीतून तो चालकच बंद केला. कारण सापडलेले नसतानाच कार्डाच्या स्मृतीवर लिहिण्याची वाट कुलूपबंद करणारा बदल गाभ्यात घेतला गेला आणि ९ ऑक्टोबर २००८ रोजी २.६.२७ प्रसिद्ध झाली.

खरा दोषी निघाला भलताच: एफट्रेस. गाभ्यातले कोणते काम केव्हा चालते त्याचा माग काढणारे, म्हणजे दोष शोधायला मदत करणारे साधन! ते गाभ्यातील कामांच्या सुरुवातीच्या जागांची यादी करी आणि नको असेल तेव्हा तेथली नोंद घेण्याची आज्ञा पुसून टाकी. पण काही आज्ञा फक्त सुरुवातीपुरत्या असतात. त्या संपल्या की त्यांची जागा दुसऱ्या कशाला तरी दिली जाते. यादीत मात्र जुना पत्ता राहून जाई. एफट्रेसने खबरदारी घेतली होती. जागेवर अपेक्षित आज्ञा असेल तरच बदल, नसेल तर सोडून दे. येथे प्रोसेसरची एक बारीक सवय आड आली. ही ‘तुलना करून बदल’ क्रिया तुलना न जुळल्यास काहीच लिहीत नाही असे नव्हे, जे वाचले तेच परत लिहिते. साध्या स्मृतीत त्याने काही बिघडत नाही. पण आता त्या पत्त्यावर नेटवर्क कार्डाचे नियंत्रण आलेले असले तर? उपकरणाच्या दृष्टीने लिहिणे ही आज्ञा असते. चौकीदाराने वर्ग समजून दार ढकलून पाहावे आणि आत आता प्रयोगशाळा असावी, तसे झाले.

इंटेलच्या अभियंत्यांबरोबर शोध घेताना हे ध्यानात आले आणि १५ ऑक्टोबरला आलेल्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा तो भाग बंद करण्यात आला. नंतर स्टीव्हन रोस्टेड्ट यांनी त्याची रचना बदलली. जागांची यादी आता गाभा चालू असताना नव्हे, तो बनवतानाच तयार होते. एफट्रेस आजही गाभ्यात आहे. नव्या गाभ्यावर यंत्र सुरू होता होता कोठे अडकते हे पाहायचे असेल तर सुरुवातीच्या ओळीत त्याचे नाव घालून ते पहिल्यापासूनच चालू करता येते.