दिवेलागणीचा परवचा

भिवंडीहून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील टेमघरात, जेथे यंत्रमागांचा नाद वर्गाच्या भिंतींतून अहोरात्र झिरपत असतो, तेथे अध्यापन करीत असताना शालेय साधनांच्या पूर्वेतिहासाची जिज्ञासा माझ्या मनात उत्पन्न झाली ती चौथीतील एका मुलीच्या प्रश्नामुळे. "सर, फळा नव्हता तेव्हा सर कशावर लिहायचे?" असे तिने विचारले, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी धूळपाटीपाशी येऊन पोचलो.

पंतोजीच्या शाळेत फळा नव्हताच. पाटी होती, पण ती लाकडाची. तिच्यावर विटेची वस्त्रगाळ पूड पसरावयाची, बोटाने किंवा काडीने अक्षर रेखावयाचे आणि तळहाताने ते मोडून पुन्हा नवे काढावयाचे. त्यावर हात बसला म्हणजे मग बोरू, शाई आणि मोडीचे कित्ते. हे साधन दरिद्री खरे, परंतु अपव्ययशून्य होते. चुकलेल्या अक्षराचा मागमूसही ते ठेवीत नसे, आणि बालमनाला या गोष्टीचा केवढा आधार वाटतो हे शिक्षकच जाणतो.

या धुळीने समुद्रपर्यटनही केले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासनजीक एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार पाहणारा अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश धर्मोपदेशक, मलबारी मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत असल्याचे पाहून थबकला. तीच रीत त्याने आपल्या शाळेत आणली, मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकविण्याची तजवीज तिला जोडली, आणि 1797 मध्ये लंडनला तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. इंग्लंडातील गोरगरिबांच्या शाळांतून ती पद्धती फैलावली. पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या अमदानीत मुंबईस हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली, व कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या चिटणिशीत या मंडळीने शाळा चालविल्या त्या बेल आणि याच पद्धतीचा इंग्लंडातील दुसरा पुरस्कर्ता लँकेस्टर यांच्याच धर्तीवर. जी रीत आमच्याच देशातील वाळूतून उचलली गेली, ती विलायती सुधारणा म्हणून आम्हांस परत मिळाली! 1826 मध्ये मंडळीने तयार केलेले 24 शिक्षक मुलखात निरनिराळ्या ठिकाणी रवाना झाले. शिळाप्रेसवर छापलेली पुस्तके आली. मग दगडी पाटी, फळा आणि खडू यांचा अंमल बसला.

मात्र त्या जुन्या शाळेतील माझे सर्वांत आवडते साधन म्हणजे परवचा, आणि त्याला तर वस्तूचीही गरज नव्हती. सायंकाळी दिवा लागला की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी (म्हणजे साडेतीनचा पाढा) मुले एका सुरात म्हणत. सोळा आण्यांच्या रुपयाचा आणि पायली-शेरांचा हिशेब ज्याला बाजारात उभ्या उभ्या करावयाचा, त्याच्या दृष्टीने हे पाढे म्हणजे जिभेवर ठेवलेले गणनयंत्रच होते. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी चालू झाली आणि औटकीचे व्यवहारातील प्रयोजन सरले. मला मात्र अपूर्णांक शिकविताना तिची उणीव पदोपदी भासते.

पाटी-फळ्यानंतर साधन पडद्यावरही आले. 1984 मध्ये पुण्यास बालचित्रवाणी ही संस्था स्थापन झाली, आणि तिचे पाठ दूरचित्रवाणीवरून शाळाशाळांत पोचू लागले. एका शाळेत मी पाहिलेला संच मोडेल या भयाने कपाटात कुलूपबंद असे, आणि तो बाहेर काढावा त्या दिवशी नेमकी वीज जाई. ती संस्था 2017 मध्ये बंद पडली, याचे मला दुःख आहे. कारण मराठी मुलांकरिता मराठीत चित्रे निर्माण करणारे असे घर पुन्हा उभारणे सोपे नाही. आमच्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी लोकसहभागातून डिजिटल वर्ग उभा केला, आणि सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. दोन्ही ठिकाणी वरून हुकूम सुटण्याची वाट न पाहता एका शिक्षकाने साधन आपल्या हाताला बसेल असे घडवून घेतले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मग 2020 साल आले. करोनाची टाळेबंदी शिथिल होऊन माग आणि गोदामे पुन्हा चालू झाली तरी प्राथमिक शाळा बंदच राहिल्या, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी असलेला एकुलता एक मोबाइल सकाळीच वडिलांबरोबर कामावर जाऊ लागला. दिवसा घेतलेल्या तासाला पोरे नसत. अखेर मी पाढे माझ्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून संध्याकाळी पाठवू लागलो. वडील परतले, हातपाय धुऊन बसले की मोबाइल मुलांच्या हाती येई. एके दिवशी त्या चौथीतल्या मुलीने उत्तरादाखल आपला आवाज पाठविला. मागे मागांची खटखट चालली होती, मध्येच आईने दिवा लावल्याचे सांगितलेले ऐकू येत होते, आणि ती आपल्या धाकट्या भावाला, एकेक पद थांबून, पावकी म्हणावयास लावीत होती.