गूढ शब्दकोडे

गूढ शब्दकोडे हा शब्दकोड्याचा एक प्रकार आहे. साध्या शब्दकोड्यात शोधसूत्र म्हणून उत्तराचा समानार्थी शब्द किंवा थोडक्यात माहिती दिलेली असते. गूढ शब्दकोड्यातील प्रत्येक शोधसूत्र मात्र स्वतःच एक लहानसे कोडे असते. त्याचा वरवरचा अर्थ वाचकाला भलतीकडे नेतो. खरे उत्तर त्याच शब्दांत दोन वेगवेगळ्या मार्गांनी सांगितलेले असते. हे दोन्ही मार्ग एकाच शब्दावर येऊन मिळाले की उत्तर बरोबर असल्याची खात्री सोडवणाऱ्याला स्वतःच करून घेता येते. म्हणून या प्रकारात उत्तर शोधण्याइतकेच त्याचे स्पष्टीकरण देण्यालाही महत्त्व आहे.

मराठी दैनिकांतील बहुसंख्य शब्दकोडी साध्या प्रकारची असतात. गूढ शब्दकोड्याचे नियम इंग्रजीत घडले. तथापि श्लेष, अक्षरांची उलटापालट आणि अर्थ लपवून सांगण्याची रीत या गोष्टी मराठी व संस्कृत वाङ्मयात फार जुन्या आहेत.

भारतीय पूर्वपरंपरा

वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिका, म्हणजे कोडी घालणे व सोडवणे, ही एक कला मानली आहे. काव्यसमस्यापूरणाचाही त्या यादीत समावेश आहे. दंडीने काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. धर्मदासाचा विदग्धमुखमंडन हा ग्रंथ अशाच शाब्दिक कोड्यांना वाहिलेला आहे. महाभारताचे लेखन करताना गणपतीला क्षणभर थांबून विचार करावा लागावा म्हणून व्यासांनी मधूनमधून कूटश्लोक घातले, अशी कथा प्रसिद्ध आहे. आदिपर्वात अशा श्लोकांची संख्या ८,८०० सांगितली आहे.

मराठीत संतांचे कूट अभंग व भारुडे यांत उलटे वाटणारे वर्णन करून आतला अर्थ शोधायला लावलेला आढळतो. पंडित कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी रचलेल्या रामायणांत अक्षरांची कठोर बंधने पाळली आहेत. त्यांच्या निरोष्ठ रामायणात ओठांनी उच्चारावयाची अक्षरे टाळलेली आहेत. लोकपरंपरेतील उखाणे व हुमान हेही याच वृत्तीचे आविष्कार होत. ‘मरा, मरा’ म्हणता म्हणता वाल्या कोळ्याच्या मुखातून ‘राम, राम’ उमटले, ही घरोघर सांगितली जाणारी कथा अक्षरे उलटवण्याच्या शब्दखेळावरच उभी आहे.

आधुनिक शब्दकोड्याचा इतिहास

आजच्या स्वरूपातील पहिले शब्दकोडे लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी रचले. ते २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. हा खेळ इंग्लंडमध्ये पोचल्यावर तेथील रचनाकारांनी सरळ अर्थाऐवजी शब्दखेळावर भर दिला. ‘टॉर्केमाडा’ हे टोपणनाव घेणारे एडवर्ड पॉविस मॅथर्स १९२६ पासून ‘द ऑब्झर्व्हर’मध्ये संपूर्णपणे गूढ शोधसूत्रांची कोडी देऊ लागले. लंडनच्या ‘द टाइम्स’ने १ फेब्रुवारी १९३० पासून दैनंदिन शब्दकोडे सुरू केले. ‘झिमेनीस’ या नावाने लिहिणारे डी. एस. मॅकनट यांनी १९६६ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहून शोधसूत्राच्या प्रामाणिकपणाचे नियम सविस्तर मांडले. भारतात ‘द हिंदू’ या दैनिकातील इंग्रजी गूढ शब्दकोडे प्रसिद्ध आहे.

शोधसूत्राची रचना

गूढ शोधसूत्राचे सामान्यतः तीन घटक असतात.

१. अर्थ: उत्तराचा सरळ अर्थ. तो बहुधा शोधसूत्राच्या आरंभी किंवा शेवटी असतो, मध्यभागी नसतो.
२. शब्दखेळ: उत्तरातील अक्षरे कशी जुळवायची याची माहिती.
३. खूणशब्द: कोणता शब्दखेळ योजला आहे ते सुचवणारा शब्द. उदाहरणार्थ, ‘माघारी’, ‘विस्कटले’, ‘दिसला’.

शेवटी कंसात उत्तराची अक्षरसंख्या दिलेली असते. विरामचिन्हे व वाक्याचा वरवरचा अर्थ यांवर विसंबू नये, असा संकेत आहे. रचनाकाराला वाचकाची दिशाभूल करण्याची मुभा असते, पण खोटे सांगण्याची नसते. उत्तर कळल्यानंतर शोधसूत्रातील प्रत्येक शब्दाचे प्रयोजन सांगता आले पाहिजे.

शोधसूत्रांचे प्रकार

पुढील उदाहरणे विवेचनासाठी रचलेली आहेत.

दुहेरी अर्थ: यात वेगळा शब्दखेळ नसतो. एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवलेले असतात.
‘बाळाचे ठेवतात, नदीत सोडतात (२)’ – उत्तर: नाव. बाळाचे नाव ठेवतात आणि होडी या अर्थाची नाव नदीत सोडतात.
‘थोडेसे म्हातारपण (२)’ – उत्तर: जरा. ‘जरा’ म्हणजे थोडेसे आणि संस्कृतातून आलेला ‘जरा’ म्हणजे वार्धक्य. दोन्ही शब्दांतील ‘ज’चा उच्चार मराठीत वेगळा आहे, परंतु लेखन एकच असल्याने शोधसूत्र निर्दोष ठरते.

जोडणी: उत्तराचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा अर्थ क्रमाने दिलेला असतो.
‘घाव घालतो, तरी पंढरीची वाट धरतो (४)’ – उत्तर: वारकरी. ‘घाव घालतो’ म्हणजे ‘वार करी’. हे दोन शब्द जोडले की पंढरीची वाट धरणारा वारकरी मिळतो.

समावेश: एका शब्दाच्या पोटात दुसरे अक्षर किंवा शब्द घालायचा असतो.
‘सार गर्वाने भरले, नद्यांचे सासर झाले (३)’ – उत्तर: सागर. गर्विष्ठ माणसाला ‘ग ची बाधा’ झाली असे म्हणतात, त्यावरून गर्व म्हणजे ‘ग’. ‘सार’ या शब्दात ‘ग’ भरला की ‘सागर’ होतो. समुद्राला सरितापती म्हणतात, म्हणून तो नद्यांचे सासर.

लोप: शब्दाचे पहिले, मधले किंवा शेवटचे अक्षर गाळायचे असते.
‘पाऊस आरंभी चुकला, तरी आले साखरेचे पीक (२)’ – उत्तर: ऊस. ‘पाऊस’ या शब्दाचे आरंभीचे अक्षर गेले की ‘ऊस’ उरतो.

उलट क्रम: अक्षरे शेवटाकडून वाचायची असतात.
‘राधा माघारी वळली आणि सुरू झाल्या सरी (२)’ – उत्तर: धारा. ‘माघारी वळली’ हा खूणशब्द आहे.

लपलेला शब्द: उत्तर शोधसूत्रातील लागोपाठच्या शब्दांत सलग दडलेले असते.
‘आंबिवलीत टपाल वाटताना दिसला नदीचा काठ (२)’ – उत्तर: तट. ‘आंबिवलीत’मधील शेवटचा ‘त’ आणि ‘टपाल’मधील पहिला ‘ट’ मिळून उत्तर तयार होते. आंबिवली हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर शहाड व टिटवाळा यांच्या दरम्यानचे स्थानक आहे, परंतु उत्तरासाठी ते गाव माहीत असण्याची गरज नाही. अशी विशेषनामे सोडवणाऱ्याचे लक्ष अक्षरांवरून स्थळाकडे वळवण्यासाठी योजली जातात.

अक्षरपालट: दिलेल्या शब्दातील अक्षरांची नव्याने मांडणी करायची असते.
‘कमल विस्कटले, लेखणी हाती आली (३)’ – उत्तर: कलम.

समोच्चार: ऐकायला सारखा, पण लेखनात वेगळा असलेला शब्द शोधायचा असतो.
‘ऐकताना मुलगा, चरख्यावर धागा (२)’ – उत्तर: सूत. मुलगा या अर्थाचा ‘सुत’ हा शब्द ऐकताना ‘सूत’सारखाच वाटतो.

देवनागरीतील विशेष प्रश्न

इंग्रजी शब्दकोड्याच्या एका घरात एक वर्ण येतो, तर मराठी कोड्याच्या घरात स्वरचिन्हासह संपूर्ण अक्षर येते. ‘पुस्तक’ या शब्दाला पु, स्त, क अशी तीन घरे लागतात. इंग्रजीत प्रत्येक घरासाठी २६ पर्याय असतात. मराठीत ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली तरी ४०८ अक्षरे होतात, आणि त्यांत स्वर व जोडाक्षरे यांची भर पडते. याचे दोन परिणाम होतात. आडवा व उभा शब्द जेथे छेदतात तेथे दोघांचे अक्षर मात्रेसह जुळावे लागत असल्याने रचनाकाराचे काम अवघड होते. उलटपक्षी, सोडवणाऱ्याला छेदणारे एकच अक्षर मिळाले तरी संभाव्य शब्दांची संख्या बरीच कमी होते.

अक्षरपालटात मात्रा अक्षरापासून सुटी करावी की नाही, हा मूलभूत प्रश्न आहे. ‘कमल’ आणि ‘कलम’ यांत अक्षरे जशीच्या तशी राहतात. ‘बादल’पासून ‘बदला’ करताना मात्र ‘ब’चा काना ‘ल’ला द्यावा लागतो. घरात पूर्ण अक्षर लिहिण्याची पद्धत स्वीकारली तर पहिला प्रकार निर्विवाद ठरतो. दुसरा प्रकार वापरावयाचा असल्यास तशी सूचना कोड्यासोबत देणे न्याय्य होय.

मराठीतील सामान्यरूपही विचारात घ्यावे लागते. वरील उदाहरणात ‘पाऊस आरंभी चुकला’ याऐवजी ‘पावसाचा आरंभ चुकला’ असे लिहिले असते, तर ‘पाऊस’ हा शब्द शोधसूत्रात उरलाच नसता आणि अक्षर गाळण्याची क्रिया विसंगत झाली असती. म्हणून ज्या शब्दावर शब्दखेळ करायचा तो मूळ रूपात ठेवणे इष्ट असते. याउलट विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून लिहिण्याची मराठीची रीत लपलेल्या शब्दांना उपकारक ठरते. ‘आंबिवलीत’ यातील ‘त’ हा प्रत्ययच आहे.

लिंगभेदामुळे दुहेरी अर्थाची शोधसूत्रे रचताना अडचण येते. मोत्यांचा सर पुल्लिंगी, तर पावसाची सर स्त्रीलिंगी. क्रियापद किंवा विशेषण योजले की लिंग उघड होते आणि उत्तराचा माग लागतो. ‘ठेवतात’, ‘सोडतात’ यांसारखी रूपे ही अडचण टाळतात. समोच्चारी शब्दांचा साठाही मराठीत मर्यादित आहे, कारण लेखन बहुतांशी उच्चारानुसार होते. दिन–दीन, शिर–शीर, सुत–सूत अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्यांवरच मुख्यतः भिस्त ठेवावी लागते.

सोडवण्याची पद्धत

प्रथम शोधसूत्राचा वरवरचा अर्थ बाजूला ठेवून वाक्याचे कोठे दोन भाग पडतात ते पाहावे. नंतर आरंभीच्या व शेवटच्या शब्दांपैकी कोणता भाग ‘अर्थ’ असू शकेल याचा अंदाज घ्यावा. खूणशब्द ओळखता आला की शब्दखेळाचा प्रकार ठरतो. आधी लपलेल्या शब्दांची व अक्षरपालटाची शोधसूत्रे सोडवणे सोयीचे असते, कारण त्यांची सामग्री डोळ्यांसमोर असते. त्यांतून मिळालेली छेदणारी अक्षरे पुढील उत्तरांना आधार देतात.

केवळ अर्थावरून सुचलेले उत्तर लगेच लिहू नये. ‘नदीचा काठ’ या अर्थाने दोन अक्षरी ‘तीर’ हा शब्दही बसतो. तथापि ‘आंबिवलीत टपाल’ यातून ‘तीर’ निघत नाही, ‘तट’ निघतो. स्पष्टीकरण हे अशा रीतीने उत्तराची सिद्धता ठरते. स्पष्टीकरण लिहिताना अर्थाचा भाग, शब्दखेळाचा भाग आणि खूणशब्द वेगवेगळे दाखवण्याची पद्धत आहे.

कौशल्य आणि नशीब: मुंबई राज्यातील खटला

शब्दकोडे सोडवणे हे कौशल्य की नशिबाचा खेळ, हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राज्यात न्यायालयापर्यंत गेला. त्या काळी प्रवेशमूल्य घेऊन मोठ्या बक्षिसांच्या शब्दकोडे स्पर्धा चालवल्या जात. आर.एम.डी.सी. शब्दकोडी ही त्यांपैकी एक. ती बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून प्रसिद्ध होत आणि मुंबई राज्यातही तिचे स्पर्धक होते. मुंबई सरकारने सोडती व बक्षीस स्पर्धांवरील १९४८ च्या कायद्यात १९५२ मध्ये दुरुस्ती करून राज्याबाहेरील नियतकालिकांतून चालणाऱ्या स्पर्धांनाही परवाना व कर लागू केला. त्याला आयोजकांनी आव्हान दिले.

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘मुंबई राज्य विरुद्ध आर.एम.डी. चमारबागवाला’ या खटल्यात राज्याच्या बाजूने निकाल दिला. जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच दिवशी केंद्राच्या बक्षीस स्पर्धा अधिनियम, १९५५ संबंधीचाही निकाल लागला. या अधिनियमाने महिन्यातील एकूण बक्षिसांवर एक हजार रुपयांची आणि प्रत्येक स्पर्धेतील प्रवेशिकांवर दोन हजारांची मर्यादा घातली होती. ज्या स्पर्धांतील यश लक्षणीय प्रमाणात कौशल्यावर अवलंबून नसते, त्यांनाच हा अधिनियम लागू होतो, असे न्यायालयाने ठरवले.

या भेदाचा शोधसूत्राच्या रचनेशी थेट संबंध आहे. एकाच जागी दोन शब्द सारखेच शोभत असतील आणि आयोजकाने आधी ठरवलेल्या शब्दाशी आपला शब्द जुळण्यावर बक्षीस अवलंबून असेल, तर ज्ञानाला वाव उरत नाही. नीट रचलेले गूढ शोधसूत्र मात्र ‘तीर’ व ‘तट’ यांतून एकाचीच निवड करायला लावते आणि त्या निवडीचे कारणही स्वतःच पुरवते.

हे सुद्धा पहा

शब्दकोडे
श्लेष अलंकार
प्रहेलिका
भारूड
उखाणा