खेळापूर्वीची वीस मिनिटे

बारामती व इंदापूर या तालुक्यांत मैदानी खेळ म्हटला की कुस्ती, कबड्डी व खो-खो यांची नावे प्रथम ओठांवर येतात. तथापि २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या आणि २०२२ साली मुलींच्या विश्वचषकाचे काही सामने नवी मुंबईत झाले, तेव्हापासून फुटबॉलविषयी आपण अधिक आस्थेने बोलू लागलो आहोत. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात. म्हणूनच खेळापूर्वीच्या तयारीचा विचारही तालुक्यातच व्हावयास हवा.

पुष्कळ ठिकाणी ही तयारी म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या व थोडे हातपाय ताणणे एवढीच असते. वास्तविक तालमीत जोर-बैठका काढल्यावाचून मल्ल कुस्तीस उभा राहत नाही. तोच न्याय फुटबॉललाही लागू आहे. स्नायू तापले म्हणजे ते अधिक वेगाने व जोमाने आकुंचन पावतात. उलट, खेळाच्या तोंडावर एकच स्नायू मिनिटभराहून अधिक काळ स्थिर ताणून धरल्यास त्याची शक्ती काही वेळ किंचित घटते.

फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने इतर तज्ज्ञांच्या साहाय्याने २००६ साली 'इलेव्हन प्लस' हा कार्यक्रम तयार केला. त्यात पंधरा व्यायाम असून ते सुमारे वीस मिनिटांत पूर्ण होतात. पहिली आठ मिनिटे संथ धावण्याची असतात. पुढील दहा मिनिटांत पोट, मांड्या, तोल व उडी यांचे सहा व्यायाम असून प्रत्येकाच्या तीन पायऱ्या आहेत. त्यांपैकी एकात खेळाडू गुडघ्यांवर उभा राहतो, जोडीदार त्याचे घोटे धरतो आणि तो शरीर ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकतो. अखेरची दोन मिनिटे वेगाने धावण्याची व दिशा बदलण्याची असतात. हा क्रम आठवड्यातून किमान दोनदा करावा. सामन्यापूर्वी मात्र केवळ धावण्याचे दोन भाग पुरेसे होतात.

नॉर्वेमध्ये २००७ च्या हंगामात तेरा ते सतरा वर्षे वयाच्या सुमारे १,९०० मुलींवर याची चाचणी झाली. हा क्रम पाळणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने व गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी वेगळा कार्यक्रम आहे. युरोपातील चार देशांत त्यानेही दुखापती जवळपास निम्म्यावर आणल्या. तोल, उडी व धाव यांत काही आठवड्यांनी सुधारणा होते असे अनेक अभ्यास सांगतात. परंतु ती माफक असते व सर्वत्र सारखी आढळत नाही.

आमच्या मते येथे खरा प्रश्न गुडघ्याचा आहे. पावसाळा सरल्यावर या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील मैदाने कडक होतात. गुडघ्यातील मुख्य बंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांहून अधिक असतो. अशा दुखापतीनंतर शस्त्रक्रियेचा खर्च आणि महिनोन्‌महिन्यांची विश्रांती शेतकरी व मजूर कुटुंबास झेपत नाही. मुलीचा खेळ बहुधा तेथेच संपतो.

या कार्यक्रमास यंत्रे लागत नाहीत; चेंडू, मोकळी जागा व उडी मारताना गुडघे आत वळू न देणारी शिक्षकाची सावध नजर पुरेशी आहे. क्रीडाशिक्षकांनी ही वीस मिनिटे सरावातून वगळू नयेत आणि पालकांनीही त्यांची आवर्जून विचारणा करावी, अशी आमची विनंती आहे.