एका यंत्राचे दोन संसार

संगणकाची कळ दाबावी, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन-तीन ओळी उमटाव्यात आणि खाली आकडे उलटे मोजले जाऊ लागावेत : दहा, नऊ, आठ... तेवढ्या अवधीत कोणत्या घरात शिरायचे ते ठरवायचे. वरच्या ओळीवर लिनक्स, खालच्या ओळीवर विंडोज. काहीच ठरवले नाही तर यंत्र आपल्या मनाने पहिल्या घरात शिरते. वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगला, आमच्यापैकी एकाच्या घरी, २००८ सालच्या उन्हाळ्यात हा पडदा आम्ही प्रथम पाहिला. एका संगणकावर दोन संचालन प्रणाली नांदवण्याच्या या व्यवस्थेला 'ड्युअल बूट' म्हणतात. आम्ही मराठीचे अध्यापक; हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या विषयाचा एक इतिहास आहे आणि तो मराठीच्या इतिहासात येऊन मिसळतो, असे आमचे मत झाले आहे. ते येथे मांडतो.

प्रथम शब्दाविषयी. आपल्याच बुटाच्या मागचा पट्टा धरून स्वतःला वर उचलण्याची एक अशक्य कल्पना इंग्रजीत आहे; तिच्यावरून हे 'बूट' आले. सुरू होताना यंत्राला काहीच ठाऊक नसते. एक इवलासा कार्यक्रम त्याहून मोठ्याला जागे करतो, तो आणखी मोठ्याला. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर या इवल्या कार्यक्रमाची जागा अगदी आरंभी असते : सगळी मिळून ५१२ बाइट. त्यांपैकी ४४६ बाइट कार्यक्रमाला, ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या नोंदीला आणि उरलेले दोन खुणेला. ६४ बाइटांत चारच नोंदी बसतात, म्हणून मुख्य वाटण्या चारच. इंग्रजीत यांना 'पार्टिशन' म्हणतात. आमच्या भागात सांगायचे तर एकाच वावरात धुरे घालून चार भावांची शेती वेगळी करणे. ही सोय आयबीएमच्या संगणकावर डॉस २.० बरोबर १९८३ साली आली. एका डिस्कवर अनेक प्रणालींना नांदता यावे, हा तिच्यामागचा एक हेतू होता.

म्हणजे दोन प्रणालींची कल्पना ही नंतर कुणा हौशी माणसाने काढलेली टूम नव्हे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पहिला पीसी बाजारात आणला तेव्हा त्यासाठी तीन प्रणाली जाहीर केल्या होत्या : पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. निवड ग्राहकाची होती. परंतु डॉसची किंमत ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ची २४० डॉलर असल्यावर निवड कुठे जाणार, हे सांगायला अर्थशास्त्री नको. पुढच्या दशकात दुकानातून येणाऱ्या संगणकावर एकच प्रणाली असणे हे जणू निसर्गनियम वाटू लागले.

तो निसर्गनियम नव्हता, हे बीओएसच्या कथेवरून कळते. बी नावाच्या छोट्या कंपनीने ही प्रणाली तयार केली. हिताची कंपनीने आपल्या काही संगणकांत विंडोजबरोबर ती घालूनही दिली. पण यंत्र सुरू करताना ती पर्यायात दिसत नसे. ग्राहकाने स्वतः खटपट करून तिला बाहेर काढायचे. उत्पादकांशी केलेल्या करारांतून मायक्रोसॉफ्टने हा आरंभीचा पडदा आपल्या ताब्यात ठेवला आहे, असा बी कंपनीचा आरोप होता. २००२ साली तिने दावा लावला. २००३ साली २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली, मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला नाही. तोवर बी कंपनी संपली होती. दहा सेकंदांचा तो पडदा किती मोलाचा आहे, हे यावरून वाचकांच्या लक्षात येईल. उंबरठ्यावर कोण उभा आहे, यावर घरात कोण येणार ते ठरते.

ती बंद दारे उघडली ती लिनक्सने. फिनलंडचे लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली दुसऱ्याच्या घरात पाहुणी म्हणून यायला पहिल्यापासून तयार होती, कारण बहुतेकांच्या यंत्रावर आधीच कुणीतरी राहत होते. तिच्याबरोबर 'लिलो' नावाचा द्वारपाल आला. सुरू होताना तो आपल्या नावाचे एकेक अक्षर पडद्यावर लिहीत जाई; कोणत्या अक्षरावर थांबला त्यावरून बिघाड कुठे आहे ते समजे. पुढे त्याची जागा 'ग्रब' या द्वारपालाने घेतली.

आता अनसिंगच्या त्या यंत्राकडे येऊ. आम्हाला लिनक्सचे आकर्षण तत्त्वासाठी नव्हते. आमची अडचण वेगळी होती. २००३-०४ मध्ये आमच्या विद्यार्थ्यांनी आसपासच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. वह्यांवरून त्या टंकित झाल्या एका मराठी आज्ञावलीत, जी विंडोज ९८ वरच चाले आणि संगणकाच्या पाठीमागे एक कुलूपवजा डोंगल लावल्याशिवाय उघडत नसे. युनिकोडपूर्व काळातले बहुतेक मराठी टंक एका युक्तीवर चालत. संगणकाला ते रोमन अक्षरेच वाटत. त्यावर देवनागरीचे चित्र चढवलेले असे. प्रत्येक कंपनीची चित्रांची मांडणी निराळी. टंक काढून घेतला की मजकुराचा रोमन भुसा उरे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्वतःची जागा होती, 'क' ला ०९१५ हा क्रमांक होता. पण विंडोजमध्ये तिची अंगभूत सोय विंडोज २००० पासून आली. एक्सपीतही ती बहुधा सीडी घालून, खूण करून जागी करावी लागे. लिनक्सवर मात्र रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेले लोहित टंक होते, आणि उबुंटूची सीडी त्या काळी मागणी केल्यावर टपालाने फुकट घरी येई.

म्हणजे ओव्या एका घरात अडकलेल्या आणि त्यांना वाचवण्याची साधने दुसऱ्या घरात. दोन्ही घरे एका यंत्रावर आणणे भाग होते.

कृती थोडक्यात अशी. आधी सर्व फायली सीडीवर उतरवून घ्यायच्या. मग विंडोजची वाटणी आखडून मोकळी जागा काढायची, आणि तीत लिनक्स बसवायचे. विंडोज आधी, लिनक्स नंतर, हा क्रम महत्त्वाचा; कारण विंडोज बसताना आरंभीच्या त्या ४४६ बाइटांवर आपलेच लिहिते, तिथे दुसरा कोणी आहे की नाही हे विचारत नाही. ग्रब मात्र विचारतो आणि दोघांची नावे दारावर लावतो. त्या वर्षी विदर्भाच्या खेड्यांत भारनियमन तासन्‌तास चाले. वाटणी सरकत असताना वीज गेली तर दोन्ही संसार जातील, म्हणून आम्ही रात्री वीज आल्यावर, यूपीएस भरून घेऊन बसलो. ते निभावले. पुढच्या महिन्यात विंडोज बिघडले, आम्ही ते पुन्हा बसवले, आणि यंत्र सुरू करताच लिनक्स गायब. पंधरा दिवसांचे काम गेले असे समजून घरात सुतक पडले. सीडीवरून यंत्र उघडल्यावर कळले की काही गेलेले नाही. दार बुजले होते, घर शाबूत होते. ग्रब पुन्हा लिहिला आणि झाले. याच सुमारास एकदा घड्याळ साडेपाच तास सरकले. विंडोज यंत्रातली वेळ स्थानिक मानते, लिनक्स बहुधा जागतिक. दोघांच्या भांडणात भारताच्या वाट्याला नेमके साडेपाच तास येतात.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. रूपांतर करणारा कार्यक्रम जुन्या मांडणीचा युनिकोड करी. पण रफार आणि 'ऱ्य' यांत गोंधळ घाली. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत तर गुरू आणि स्वयंपाकी इतके अंतर. यंत्राला ते कसे कळावे? ड्युअल बूटमध्ये दोन्ही घरे एकाच वेळी उघडी नसतात. म्हणून विंडोजमध्ये ओव्या छापायच्या, यंत्र बंद करून लिनक्स उघडायचे, आणि छापील कागद मांडीवर घेऊन ओळ न्‌ ओळ तपासायची. वऱ्हाडी रूपे कोणती आणि टंकाची चूक कोणती, हे ठरवायला पुष्कळदा मूळ वही लागे. काही वह्यांना वाळवी लागली होती. तेव्हा गाणाऱ्या बाईंकडे जावे, तर त्यांपैकी काहीजणी या जगात नव्हत्या.

हे करता करता जाणवले की या भूमीला दोन व्यवस्था नव्या नाहीत. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. तेथे सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकातला ताम्रपट काही भागात संस्कृत, काही भागात प्राकृत आहे : वंशाचा गौरव संस्कृतात, गाव दान दिल्याचा व्यवहार प्राकृतात. पुढे मराठी शतकानुशतके दोन लिप्यांत नांदली. पोथी बाळबोधीत, हिशेब आणि पत्रव्यवहार मोडीत. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरला १८०५ साली मराठीचे व्याकरण देवनागरीत छापले आणि १८१० चा कोश मोडीत. दोन्ही वाचणारी माणसे होती तोवर अडचण नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी व्यवहारातून गेली, आणि घरोघरची दफ्तरे एका पिढीत मुकी झाली. कागद होते, शाई होती. उघडणारा डोळा नव्हता. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली.

एक व्यवस्था जाऊन दुसरी येणे यात शोक करण्यासारखे काही नाही. युनिकोड आले हे उत्तमच झाले. घात होतो तो दोन्ही जाणणारा दुवा मधल्या काळात तुटतो तेव्हा. ड्युअल बूटचे ऐतिहासिक मोल आम्हाला त्या दुव्यात दिसते. ती कायमची व्यवस्था नव्हे. स्थलांतर पुरे होईपर्यंत जुन्या घराची किल्ली जवळ ठेवण्याची सोय आहे.

पुढे काळ बदलला. तमिळनाडू शासनाने २०११ पासून विद्यार्थ्यांना वाटलेल्या लॅपटॉपांत विंडोजबरोबर बॉस लिनक्सही होते; जे आम्ही रात्री जागून केले ते तिथे मुलांच्या हाती आयते आले. २०१२ नंतरच्या यंत्रांत सिक्युअर बूटने उंबरठ्यावर नवा पहारा बसवला. ओळखीची सही असल्याशिवाय प्रवेश नाही. लिनक्सच्या प्रमुख आवृत्त्यांनी तशी सही मिळवली, पण सही देणारी बहुधा मायक्रोसॉफ्टच. जुना प्रश्न नव्या वेषात आला, इतकेच.

अनसिंगचे ते यंत्र आता मोडीत निघाले. (भंगार या अर्थी, पण शब्द बोलका आहे.) त्याची हार्ड डिस्क बंद पडण्याआधी विंडोजची सबंध वाटणी आम्ही उतरवून घेतली, ती आता नव्या संगणकावर एका आभासी यंत्रात उघडते. ओव्या युनिकोडमध्ये आल्या आहेत, एका फायलीखेरीज. ती कुणा विद्यार्थ्याने बाहेरच्या दुकानात टंकून आणली होती. तिचा टंक आम्हाला आजवर मिळालेला नाही. उघडली की रोमन अक्षरांच्या ओळी दिसतात. ओळींची लांबी पाहून त्या ओव्याच आहेत हे कळते, कुठे यमक येते तेही शेवटच्या सारख्या अक्षरांवरून कळते. शब्द मात्र कळत नाहीत. ती आम्ही पुसलेली नाही.