तगर आणि तेर : अक्षरांनीं राखलेलें एक गांव

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें एक गांव आहे. संत गोरोबाकाकांची समाधि तेथें असल्यामुळें वारकऱ्यांच्या तें चांगलें परिचयाचें आहे. परंतु हेंच गांव दोन हजार वर्षांपूर्वीं दक्षिणेंतील एक नामांकित बाजारपेठ होतें, ही गोष्ट मध्यंतरीं कित्येक शतकें विस्मृतींत गेली होती. ती पुन्हा उजेडांत आली, ती कोणीतरी केव्हांतरी लिहून ठेवलेल्या दोनचार ओळींमुळें. लेखनवाचनाचें महत्त्व सांगणारीं व्याख्यानें पुष्कळ होतात. तेरच्या इतिहासांत तें महत्त्व प्रत्यक्ष पाहावयास मिळतें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून काढली. 'पेरिप्लस' या नांवानें ती प्रसिद्ध आहे. लिहिणाराचें नांव मात्र कोणासच ठाऊक नाहीं. भडोच बंदराविषयीं लिहितांना तो सांगतो कीं, तेथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणाहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें शहर आहे. तगराहून जाडेंभरडें कापड, मलमल व इतर माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखांतून भडोचेस येई. या गृहस्थाला इतिहास लिहावयाचा नव्हता. कोठें कोणता माल मिळतो आणि कोठें कोणता खपतो, एवढीच त्याची जिज्ञासा होती. पण त्याची ती व्यवहाराची टिपणेंच पुढें इतिहासाचें साधन झालीं.

दुसरा पुरावा घरचा आहे. कोंकणांत आणि कोल्हापुराकडे राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तगर त्यांच्या राज्यांत उरलें नव्हतें. पण मूळ स्थानाचा अभिमान त्यांनीं तांब्यावर कोरून ठेवला होता.

तरीहि तगर म्हणजे आजचें कोणतें गांव, हा प्रश्न विद्वानांस बराच काळ सुटेना. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, कोणी धारूर. १९०१ सालीं फ्लीट या संशोधकानें तेरच्या बाजूनें निर्णय दिला. हिशेब साधा आहे. भडोचेपासून पैठण सरळ रेषेनें सुमारें २२० मैल, आणि पैठणापासून आग्नेयेस तेर सुमारें ९५ मैल. एक वाट वीस दिवसांची व दुसरी दहा दिवसांची. प्रमाण जवळजवळ जुळतें. शिवाय 'तगर' या शब्दांतील 'ग' प्राकृतांत गळून 'तयर' आणि पुढें 'तेर' होणें हें आपल्या भाषेच्या रीतीस धरूनच आहे.

पुढें उत्खननें झालीं. सातवाहनकालीन नाणीं, भाजलेल्या मातीच्या मूर्ति, मणी, हस्तिदंती काम असें पुष्कळ धन बाहेर आलें. तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनीं अशा वस्तु आस्थेनें जमविल्या. त्यांच्या नांवाचें शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेथें आहे. पण एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मूर्ति कारागिराचें कौशल्य सांगते, मणी व्यापाराची खूण पटवितो. मात्र या नगराला लोक काय म्हणत, येथून काय निघे आणि कोठें जाई, हें त्यांच्यापैकीं कोणी सांगत नाहीं. तें अक्षरांनींच सांगितलें.

गोरोबाकाकांचेंहि तसेंच. त्यांचें चरित्र प्रथम लोकांच्या मुखीं राहिलें. पण महिपतीनें १७६२ सालीं पूर्ण केलेल्या 'भक्तविजयां'त तें लिहिलें गेलें, आणि मग मुखांतरानें त्याचें रूप बदलण्याचें भय कमी झालें. स्मृति माणसाबरोबर जाते. लेख मागें राहतो.

परंतु लेख राहून भागत नाहीं. तो वाचणाराहि लागतो. ज्याला स्वतःसंबंधीचा लेख वाचतां येत नाहीं, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें. हें दुःख तेरच्या परिसरानें अलीकडच्या काळांतहि भोगलें आहे. निजामाच्या राज्यांत सरकारी कामकाज उर्दूंत चाले. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतहि शिक्षणाचें माध्यम उर्दूच होतें. मराठी लिहितांवाचतां येणारा शेतकरीसुद्धां कचेरींत गेला कीं निरक्षर ठरे. आपल्याच जमिनीच्या कागदांत काय लिहिलें आहे, हें त्याला दुसऱ्याकडून समजून घ्यावें लागे. १९४८ सालीं तें संस्थान भारतांत विलीन झालें आणि १९६० सालीं मराठवाडा महाराष्ट्राचा भाग झाला, तेव्हां लोकांची भाषा व कचेरीची भाषा यांमधील तें अंतर मिटण्याचा मार्ग मोकळा झाला.

१९५१ च्या जनगणनेंत भारतांतील दर शंभरांत सुमारें अठराच माणसें साक्षर होतीं. २०११ सालीं महाराष्ट्रांत हें प्रमाण, सात वर्षांवरील लोकांत, सुमारें ब्याऐंशींवर गेलें. प्रगति लहान नव्हे. पण जनगणनेच्या व्याख्येंतहि नुसतें लिहितांवाचतां येणें पुरेसें मानलेलें नाहीं. वाचलेलें समजलें पाहिजे, अशी अट आहे. गोरोबाकाकांनीं संतमेळ्यांत प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणें मारून कच्चें मडकें कोणतें तें ओळखलें, अशी कथा आहे. कर्जरोख्यावर सही करतां येते पण त्यांतील अटी उमगत नाहींत, अशी साक्षरता त्या थापटण्याखालीं कच्चीच ठरेल.

आजचें जीवन तर पदोपदीं लेखी झालें आहे. सातबारा, औषधाची चिठ्ठी, बँकेचें पुस्तक, दूरध्वनीच्या पडद्यावर येणारा संदेश, या सर्वांत माणसाचें हित व अहित अक्षरांतच दडलेलें असतें. म्हणून घरांतील मुलाला लिहावयास शिकविणें जितकें अगत्याचें, तितकेंच त्याच घरांत काम करणाऱ्या बाईला तिच्या नांवचा कागद वाचतां येणें अगत्याचें आहे. अनामिक व्यापाऱ्याच्या चार ओळींनीं एक अख्खें नगर काळाच्या तोंडांतून सोडविलें. स्वतःचा कागद स्वतः वाचणारीं माणसें आपलें घर व आपलें शेत तसेंच सोडवूं शकतील.