न्यायासनावर कोण बसते?

आपल्या अभ्यासवर्गात परवा एका भगिनीने विचारले, "हायकोर्टातले न्यायाधीश बदलले, तर आपल्याला काय त्याचे?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देते.

जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा मी या गावात नवी सून होते. शेजारच्या मास्तरांना एका पहाटे 'मिसा'खाली धरून नेले. का नेले, ते त्यांच्या पत्नीला कोणी सांगेना. अशा वेळी एकच दार उरते : उच्च न्यायालयात बंदी-प्रत्यक्षीकरणाचा अर्ज. 'माझ्या माणसाला कोणत्या कायद्याने डांबले ते दाखवा', एवढेच त्यात मागणे. वहिनींनी वकिलांकडून तसा अर्ज लिहवून घेतला.

दिल्लीत हे दार पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या पत्नी भारती नय्यर यांनी ठोठावले. निकालापूर्वीच सरकारने नय्यरांना सोडले. तरीही न्या. रंगराजन व न्या. अगरवाल यांनी सप्टेंबरात निकाल दिलाच, आणि तो सरकारविरुद्ध होता. पुढे रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली. अगरवाल अतिरिक्त न्यायाधीश होते. त्यांना कायम न करता सेशन्स कोर्टात परत धाडले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयांच्या १६ न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. आपल्या नागपूर खंडपीठावरील न्या. उ. र. लळीत यांनाही कायम केले गेले नाही.

बदलीने कायद्याचे एक अक्षरही बदलत नाही. पण जे जागेवर राहतात, त्यांना लेखणी उचलताना ती बदली आठवते.

तरीही नऊ उच्च न्यायालयांनी असे अर्ज चालतात, असा निर्वाळा दिला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. वकिलांनी वहिनींचे कागद परत केले. विरोधी मत देणारे एकटे न्या. खन्ना, जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश नेमले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

मास्तर १९७७ मध्ये घरी आले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काची दाद आणीबाणीतही बंद करता येणार नाही असे ठरले, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो जुना निकाल चुकीचा ठरवला. पण वहिनींची ती दोन वर्षे कोण भरून देणार?

म्हणून भगिनींनो, न्यायाधीशांच्या नेमणुकीची वा बदलीची बातमी आली, तर पान उलटू नका. ती आपल्या घरचीच बातमी आहे.