मेंदूतील प्रथिनांचे साठे: सूक्ष्मदर्शकापासून पेट स्कॅनपर्यंत

१९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिची स्मृती झपाट्याने ढासळत होती. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर त्यांनी तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना चेतापेशींच्या बाहेर साठे आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते दिसले. आज त्या साठ्यांना अमायलॉइड आणि गुंत्यांतील प्रथिनाला टाउ म्हणतात.

यानंतर जवळपास शतकभर एक अडचण कायम राहिली. रुग्ण जिवंत असताना हे साठे पाहता येत नसत. डॉक्टर लक्षणांवरून निदान करीत आणि त्याची खात्री शवविच्छेदनानंतरच होई.

पिट्सबर्ग विद्यापीठातील विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी ही अडचण रसायनशास्त्राच्या मार्गाने सोडवली. थायोफ्लेविन टी हे रंजकद्रव्य अमायलॉइडला चिकटते, हे आधीपासून माहीत होते. पण त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असल्याने ते रक्तातून मेंदूत शिरत नसे. त्यांनी रेणूची रचना बदलून तो भार काढला आणि त्याला किरणोत्सारी कार्बन-११ जोडला. या संयुगाला पिट्सबर्ग कंपाउंड बी हे नाव मिळाले. २००२ मध्ये स्वीडनमधील अपसाला येथे ते प्रथमच रुग्णाला देऊन पेट स्कॅन घेतला गेला. १६ रुग्ण आणि ९ निरोगी व्यक्तींवरील निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

इथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. कार्बन-११चे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटे आहे. म्हणजे तासाभरात त्याचा आठवा हिस्साच उरतो. त्यामुळे ज्या रुग्णालयाजवळ सायक्लोट्रॉन असेल तिथेच ही तपासणी शक्य होती. फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असल्याने ते दुसऱ्या शहरातही पाठवता येते. त्यावर आधारित फ्लोरबेटापिरला अमेरिकेत २०१२ मध्ये, तर टाउ दाखवणाऱ्या फ्लोरटाउसिपिरला २०२० मध्ये मान्यता मिळाली.

या तंत्राने जुन्या समजुतीही तपासल्या गेल्या. अल्झायमरचे रुग्ण म्हणून औषधांच्या चाचण्यांत घेतलेल्या काहींच्या मेंदूत अमायलॉइड नव्हतेच. उलट, स्मृती शाबूत असलेल्या अनेक वृद्धांच्या मेंदूत ते आढळले. टाउचे साठे कुठे आहेत, याचा मेळ लक्षणांशी अधिक बसतो.

म्हणून एक भेद कायम ध्यानात ठेवावा. स्कॅन साठा मोजतो, विसराळूपणा नव्हे. मोजलेली राशी आणि आपल्याला हवे असलेले उत्तर एकच आहे का, हा प्रश्न प्रत्येक मापनयंत्रापुढे विचारावा लागतो. इथे तर उत्तरावर एखाद्या कुटुंबाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.